सैल झालेली कील : जुन्या यॉटवाल्यांकडून वारंवार येणारे प्रश्न

मी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, सोलंट नावाच्या सामुद्रधुनीत, १९७६ सालची २८ फुटी फायबरची यॉट चालवतो. तिची कील दोन वर्षांपूर्वी उतरवून परत बसवली आणि तेव्हापासून इथल्या मराठी मित्रांकडून, मुंबई-गोव्यातून, अमेरिकेतून सुद्धा तेच तेच प्रश्न येतायत, म्हणून सगळी उत्तरं एका जागी लिहून ठेवतोय. एक गोष्ट आधीच सांगतो, बाकी काही वाचलं नाही तरी एवढं लक्षात ठेवा : नट आवळणं म्हणजे दुरुस्ती नव्हे. का सैल झालं ते आधी शोधा, पाना नंतर हातात घ्या.

१. कील म्हणजे नेमकं काय, आणि ती सैल होते म्हणजे काय होतं?

यॉटच्या पोटाखाली जो जड पंखासारखा भाग असतो तो कील. वाऱ्याने बोट आडवी सरकत जाऊ नये म्हणून ती पाणी धरून ठेवते, आणि बोट कलली की आपल्या वजनाने परत उभी करते. आपल्या कोकणातल्या गलबताचा पठाण वेगळा, तो सांगाड्याचाच भाग असतो, त्याच्यावरच बाकीचं गलबत उभं राहतं आणि वजनासाठी नीरम आत भरतात. फायबरच्या बऱ्याच यॉटमध्ये मात्र कील वेगळी ओतलेली असते, लोखंडाची नाहीतर शिशाची, आणि ती बोल्टांनी खालून अक्षरशः लटकवलेली असते.

त्या बोल्टांवर किती ओढ येते याचा हिशोब एकदा करून बघा. कील १,५०० किलोची धरा, तिचा भारमध्य जोडाच्या पाऊण मीटर खाली, आणि बोल्टपासून समोरच्या कडेपर्यंत अंतर २० सेंटिमीटर. बोट ३० अंश कलली की वरच्या बाजूच्या बोल्टांवर मिळून पावणेतीन टनांच्या आसपास ओढ येते, आणि बोट पूर्ण आडवी झाली तर साडेपाच टनांच्या वर. लाटांचे धक्के यात धरलेलेच नाहीत. प्रत्येक टॅकला (म्हणजे शिडात वारा दुसऱ्या बाजूने घ्यायला बोट वळवली की) ही ओढ एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जाते, आणि हे चाळीस-पन्नास वर्षं चाललेलं असतं.

सैल म्हणजे तीनपैकी काहीतरी एक (किंवा तिन्ही). जोडातलं सीलंट (पाणी अडवणारा चिकट मसाला) मेलंय, किंवा बोल्ट गंजून बारीक झालेत, किंवा बोल्ट ज्या फायबरला धरून आहेत ते फायबरच फाटलंय. बाहेरून तिन्ही जवळजवळ सारखेच दिसतात, सगळी गोची इथेच आहे.

२. माझ्या बोटीची कील बोल्टवाली आहे की फायबरच्या आतली, कसं ओळखू?

केबिनमधली फळी उचला आणि बिल्जमध्ये, म्हणजे फळीखालच्या बोटीच्या तळाच्या पोकळीत, बघा. मोठाल्या नटांची रांग दिसली तर बोल्टवाली. नट नाहीत, बाहेरून कुठे जोडाची रेघ नाही, बोटीचं फायबर गोलाईने तसंच खाली कीलपर्यंत गेलंय, तर वजन आत भरून वरून बंद केलेलं आहे. त्या प्रकारात कील गळून पडायची भीती नसते, पण तिची वेगळी दुखणी आहेत, ती प्रश्न १४ मध्ये.

लोखंड की शिसं हे कळायला तळाशी नाण्याएवढी जागा खरवडा. शिसं करडं, मऊ, नखाने सुद्धा ओरखडा उठतो. लोखंड असेल तर चुंबक चिकटेल आणि गंज दिसेलच. शिसं खरवडताना तोंडाला मास्क लावा आणि हात धुतल्याशिवाय चहाचा कप धरू नका, ते विष आहे.

३. जोडाच्या पुढच्या टोकाला चीर पडलीय, हसऱ्या ओठांसारखी. घाबरायचं का?

सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न. अमेरिकेत या चिरेला कॅटलिना स्माईल म्हणतात, त्या बोटींच्या मालकांनी ती इतकी पाहिलीय की नावच पडलं. चीर म्हणजे आपोआप धोका असं नाही, पण ती तशीच सोडून द्यायची गोष्ट पण नाही.

बघायचं असं. बोट बाहेर काढल्यावर चिरेवरचा रंग आणि लांबी (पुट्टी) ग्राइंडरने दोन-तीन इंच रुंद काढून टाका. खाली जोड बंद आणि कोरडा असेल, चीर फक्त लांबीत होती, तर लवचिक सीलंट भरा, फोटो काढून ठेवा आणि पुढच्या वर्षी तीच जागा बघा. खालून जोडच उघडा दिसला, त्यात पातळ पट्टी सरकतेय, किंवा बोट पाण्याबाहेर येऊन दोन दिवस झाले तरी तपकिरी पाणी झिरपतंय, तर पाणी आत बोल्टांपर्यंत गेलंय असं धरून चाला आणि थेट प्रश्न ७ वाचा.

चिरेची जागा पण बोलते. फक्त पुढे चीर असेल तर बहुतेक वेळा पुढचे बोल्ट ढिले किंवा कधीतरी कील जमिनीला लागलेली. पूर्ण गोल फिरून चीर असेल तर सीलंट संपलेलं. आणि मागच्या टोकाला फायबर आत दबल्यासारखं, किंवा त्याच्या आजूबाजूला कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा दिसल्या तर प्रश्न ८.

४. बिल्जमध्ये पाणी येतंय, ते कीलच्या बोल्टमधूनच येतंय का?

आधी बोटाने चाखून बघा. गोडं असेल तर पाऊस किंवा पाण्याची टाकी. डोलकाठी डेकमधून खाली कीलपर्यंत येत असेल तर पावसाचं पाणी तिच्या आतून उतरून बरोबर बोल्टांपाशी साचतं आणि माणूस उगाच कीलला दोष देत बसतो. खारट असेल तर शाफ्टचा ग्लँड (पंख्याचा दांडा बाहेर जातो तिथलं पाणी अडवणारं सील) आणि समुद्राच्या पाण्याचे वॉल्व बघून घ्या.

तरी संशय राहिला तर बिल्ज कापडाने लख्ख कोरडा करा आणि प्रत्येक नटाभोवती साधी टाल्कम पावडर भुरभुरवा. बोट चालवून या. ज्या नटाभोवती पावडरीचा चिखल झाला तो गळतोय. इतकी स्वस्त आणि इतकी खरं सांगणारी टेस्ट दुसरी नाही.

गोडं पाणी निघालं तरी ते तिथे साचू देऊ नका, बोल्टांचं डोकं वर्षानुवर्षं पाण्यात राहणं वाईटच.

५. कील खरंच हलतेय का हे कसं तपासायचं?

बोट होइस्टच्या (बोट उचलायच्या यंत्राच्या) पट्ट्यांवर लटकलेली असते तेव्हाची पाच मिनिटं सोन्यासारखी आहेत. यार्डवाल्याला आधीच सांगून ठेवा की मला पाच मिनिटं हवीत, नाहीतर तो लगेच प्रेशर वॉशर चालू करतो. दोघांनी कीलचा खालचा भाग बाजूने धरून आडवं ढकलायचं, सोडायचं, परत ढकलायचं. बोट झुलणारच, ती झुलतेय याने दचकू नका. तिसऱ्याने जोडावर हाताचं बोट असं ठेवायचं की अर्धं कीलवर आणि अर्धं बोटीच्या अंगावर. दोन्ही एकत्र झुलले तर ठीक. एक पुढे आणि दुसरं मागे राहिलं तर बोटाला लगेच कळतं, डोळ्याला दिसत नाही तेवढं सुद्धा. चौथा कोणी असेल तर त्याने आधीच आत बिल्जपाशी जाऊन बसावं आणि वॉशर हलतात का, पाणी बुडबुडतं का ते बघावं.

मग बोट हळूहळू खाली घेताना, कीलवर वजन येतं त्या क्षणी जोडाकडे बघत राहा. लटकताना उघडी असलेली फट वजन आल्यावर मिटली आणि पाण्याची चिळकांडी उडाली तर निकाल लागला. लटकलेल्या कीलखाली स्वतः कुणीही जायचं नाही, हात सुद्धा नाही.

६. नट जरा आवळून टाकले तर चालेल ना?

कंपनीचा टॉर्कचा (नट किती जोराने आवळायचा त्याचा) आकडा हातात असेल तर टॉर्क रेंचने तपासायला हरकत नाही, तपासायलाच पाहिजे. जुन्या ब्रिटिश आणि अमेरिकन कागदांवर आकडे फूट-पाउंडमध्ये असतात, १ न्यूटन-मीटर म्हणजे साधारण ०.७४ फूट-पाउंड, इथे गडबड करून बोल्ट तोडलेले लोक आहेत. आटे कोरडे की तेल लावलेले हे पण बघा, तेल लावलं की त्याच टॉर्कला बोल्टवर ओढ जास्त येते.

आता महत्त्वाचं. आवळताना रेंचचा हात घट्ट होत जाऊन कट्ट आवाज आला पाहिजे. नट फिरतोय, फिरतोय, पण हाताला जोर वाढत नाहीये, असं झालं तर तिथेच थांबा. एकतर बोल्ट ताणला जातोय, किंवा आटे गेलेत, किंवा खालचं फायबर-प्लायवुड चिरडतंय (प्रश्न ११). अजून एक वेढा देऊन बघू असं मनात येतं, तो वेढाच नको. आणि नट घट्ट निघाले म्हणून बोल्ट चांगला असंही नाही, त्याचं कारण लगेच पुढच्या प्रश्नात.

७. वरून नट चकाचक स्टेनलेसचे आहेत, तरी बोल्ट खराब असू शकतो?

हो, आणि हेच लोकांना पटत नाही.

स्टेनलेस गंजत नाही कारण त्याच्या अंगावर क्रोमियम ऑक्साइडचा अगदी पातळ थर असतो आणि तो थर टिकायला, ओरखडा गेला तर परत भरायला, ऑक्सिजन लागतो. वर बिल्जमध्ये हवा आहे, नट चमकतो. खाली कील आणि बोट यांच्या मधल्या फटीत खारं पाणी शिरून बसलेलं, हलत नाही, ऑक्सिजन संपलेला, वर क्लोराइड. तिथे तो थर तुटतो आणि परत भरत नाही, आणि बोल्ट बरोबर त्या रेघेवर आतल्या आत खाल्ला जातो.

माझ्या बोटीच्या ९ बोल्टांपैकी एकाभोवती पावडर ओली झाली होती, फक्त एका. नट सुंदर होता, टॉर्कला घट्ट. कील लोखंडाची आणि बोल्ट म्हणजे तिच्यात आट्यांनी बसवलेले स्टड होते, म्हणून एक स्टड काढून बघायचं ठरलं. यार्डमधल्या म्हाताऱ्या कारागिराने दोन नट एकमेकांवर आवळून लॉक केले, लांब पाना लावला, दिवसभर दोनदोन तासांनी आटे सुटायचं तेल सोडत राहिला, आणि संध्याकाळी तो स्टड कुरकुरत फिरला. बाहेर आला तेव्हा दोन्ही टोकं २० मिलिमीटरची, आणि मध्ये जोडाच्या रेघेवर डमरूसारखी कंबर. कॅलिपरने मोजली, ११ मिलिमीटर. म्हणजे पोलाद एक तृतीयांशही उरलं नव्हतं, आणि आम्ही मागच्याच महिन्यात त्या बोल्टाच्या भरवशावर इंग्लिश चॅनल ओलांडून शेरबर्गला जाऊन आलो होतो, मुलगी बोटीवर होती. तो स्टड मी घरी टेबलावर ठेवलाय. कुणी विचारलं की हातात देतो.

तर तपासायचे मार्ग : एक बोल्ट काढून बघणं हा सगळ्यात खात्रीचा, आणि काढायचा तो सगळ्यात संशयित बोल्ट, सगळ्यात सोपा नव्हे. अल्ट्रासाउंड आणि एक्स-रे पण करतात, करणारा अनुभवी असेल तर उपयोग होतो. हातोडीने टकटक करून आवाज ऐकण्यावर एकट्यावर विसंबू नका.

८. कील वाळूला/खडकाला लागली, पण बाहेरून फक्त तळाला खरचटलंय. सोडून देऊ?

नका सोडू. कील लांब दांड्यासारखी आहे, तळाला मागच्या दिशेने धक्का बसला की ती जोडापाशी फिरते. पुढचं टोक खाली ओढलं जातं, मागचं टोक वर बोटीच्या पोटात घुसायला बघतं. म्हणून बाहेर खूण पुढे दिसते आणि खरं नुकसान मागे, आत, कीलच्या मागच्या टोकाच्या वर. तिथल्या आडव्या पसऱ्या, ज्यांना फ्लोअर म्हणतात, त्यांच्या मुळाशी टॉर्च मारा. पांढुरकी रेघ, सुटलेली कड, टकटक केल्यावर भद्द आवाज, दरवाजे अचानक अडकायला लागणं, हे सगळं त्यातलंच.

ज्या बोटींमध्ये फ्लोअर म्हणजे वेगळा ओतलेला साचा असतो आणि तो बोटीच्या अंगाला फक्त चिकटवलेला असतो, तिथे हे सगळ्यात फसवं, कारण साचा अखंड दिसतो आणि खालची चिकट सुटलेली असते. मे २०१४ मध्ये अँटिग्वाहून इंग्लंडला परत येताना चीकी रफीकी नावाची ४० फुटी यॉट नोव्हा स्कोशियापासून सुमारे ७२० मैलांवर उलटली, कील निघून गेलेली, चारही जण गेले. ब्रिटनच्या एमएआयबीने (सागरी अपघातांचा तपास करणारी सरकारी संस्था) २०१५ च्या रिपोर्टमध्ये लिहिलं की आधी कील जमिनीला लागल्याचे प्रसंग आणि नंतरच्या दुरुस्त्या यांचा एकत्रित परिणाम होऊन ती जागा कमजोर झालेली असू शकते. मी तो रिपोर्ट कील उतरवायच्या आधी वाचला आणि परत वाचायची हिंमत झालेली नाही.

सोलंटच्या मधोमध ब्रॅम्बल बँक म्हणून वाळूचा पट्टा आहे, वर्षातून एकदा सगळ्यात मोठ्या ओहोटीला त्यावर क्रिकेट खेळतात, आणि बाकीचं वर्ष त्यावर बोटी रुततात. मऊ वाळूत दोन नॉटने (ताशी दोन सागरी मैल) टेकणं वेगळं आणि सहा नॉटने खडकावर जाणं वेगळं हे मान्य. पण दुसऱ्या प्रकारात बोट बाहेर काढून सर्व्हेअरला (बोटी तपासणाऱ्या तज्ज्ञाला) दाखवल्याशिवाय समुद्रात जाऊ नका.

९. कील उतरवून परत बसवायची म्हणजे नक्की काय काय करतात?

थोडक्यात क्रम असा. बोट स्टँडवर, पण कीलखाली मजबूत लाकडी पाळणा, म्हणजे कील सुटल्यावर आडवी पडणार नाही. नट काढायचे. मग बोट होइस्टने केसाएवढी उचलायची आणि वाट बघायची. जुनं सीलंट कधीकधी इतकं धरून बसतं की सगळे नट काढून सुद्धा कील लटकूनच राहते. तेव्हा लाकडी पाचरी, पातळ वायर करवतीसारखी ओढणं, आणि धीर. आम्हाला दीड दिवस लागला. जोराने झटका देऊन उचलू नका, बोटीचं फायबर फाटतं.

सुटल्यावर दोन्ही पृष्ठभाग नागडे करायचे. लोखंडी कील असेल तर वाळूचा मारा करून पांढऱ्या धातूपर्यंत आणि त्याच दिवशी, काही तासांत, इपॉक्सी प्रायमर, कारण उघडं लोखंड रात्रीत तांबूस होतं. फायबरची बाजू सुकू द्यायची, हे आठवडे घेतं, ओलावा मोजायचं मीटर वापरा. बोल्टांच्या भोकांची आतली बाजू इपॉक्सीने बंद करायची, ती कोरडी उघडी ठेवली तर परत तिथूनच पाणी मुरणार.

मग कोरड्याने एकदा बसवून बघायचं. नंतर सीलंट भरपूर, प्रत्येक बोल्टाभोवती वेगळं कडं, बोट खाली, सगळीकडून सीलंट बाहेर आलं पाहिजे. नट आत्ता फक्त हलके. सीलंट सेट झाल्यावर, बोटीचं वजन कीलवर असताना, पूर्ण टॉर्क, दोन-तीन फेऱ्यांत, गाडीच्या चाकाचे नट आवळतो तसं आलटून पालटून. पहिल्याच फेरीत करकचून आवळलं तर सगळं सीलंट पिळून बाहेर जातं आणि जोड कोरडा राहतो.

वॉशर मोठे आणि जाड घ्या. जुन्या बोटींमध्ये रुपयाएवढे वॉशर निघतात, तिथे जाड स्टेनलेसची चौकोनी प्लेट पाहिजे, खाली इपॉक्सीचा सपाट गादीसारखा थर देऊन.

१०. सीलंट कुठलं वापरू?

समुद्री पॉलियुरेथेन. सिकाफ्लेक्सचे मरीन प्रकार किंवा थ्री एम ५२००, दोन्ही चालतात. ५२०० कायमचं धरतं, पुढे कधी कील परत काढायची झाली तर रडवेल, हे डोक्यात ठेवून निवडा. सिलिकॉन अजिबात नको, ते धरत पण नाही आणि त्याचा तेलकट अंश नंतर दुसरं काही चिकटू देत नाही. काही यार्ड घट्ट इपॉक्सीवर बसवतात, जोड नीट जुळत असेल आणि बोटीचा तळ ताठ असेल तर तेही चांगलं, पण तळ थोडा लवचिक असलेल्या जुन्या बोटीत मी पॉलियुरेथेनच्याच बाजूचा.

११. नट आवळला की वॉशर आत रुततोय. काय भानगड आहे?

बोटीच्या ज्या मानेवर कील बसते तिच्यात प्लायवुडचा थर असू शकतो. १९७० च्या दशकातल्या काही बोटींत जाडी वाढवायला तसं करायचे. बोल्टांच्या भोकातून पाणी गेलं, प्लायवुड कुजलं, आणि आता तुम्ही कुजक्या लाकडावर नट आवळताय. इथे टॉर्कला काही अर्थच नाही.

खात्री करायला आतून, बोल्टांपासून दूर, एक बारीक भोक पाडा आणि भुसा बघा. कोरडा पिवळसर आला तर ठीक, काळा आणि ओला आला तर वरचं फायबर कापून ते सगळं लाकूड काढून भरीव काच-फायबर आणि इपॉक्सीने परत भरावं लागेल. काम घाणेरडं आहे, खाज सुटते, पण अवघड नाही आणि एकदा केलं की तो विषय कायमचा संपतो.

१२. बोल्ट बदलता येतात का? शिशाच्या कीलचे पण?

लोखंडी कीलमध्ये आट्यांचे स्टड असतील तर काढून नवे घालता येतात, प्रश्न ७ मध्ये सांगितलं तसे. आरपार बोल्ट असतील तर खालून खिसा उघडून नट शोधावा लागतो. लोखंडी कीलला ब्राँझचे बोल्ट कधीही नको, लोखंड खाऊन टाकतील.

शिशाच्या कीलमध्ये बोल्ट हुकासारखे वाकवून ओततानाच आत घातलेले असतात, ते निघत नाहीत. तिथे जुन्याच्या शेजारी नवा बोल्ट देतात : वरून खोल भोक, कीलच्या कुशीतून खिडकी कापून आत नट आणि प्लेट, मग खिडकी परत बंद. शिसं ड्रिलला मिठी मारतं, त्यामुळे हळू वेग, भरपूर तेल आणि दर इंचाला ड्रिल बाहेर काढून साफ करणं. नवे बोल्ट किती आणि कुठे हे नेव्हल आर्किटेक्टला विचारा, अंदाजाने नाही.

१३. दोन कीलवाल्या बोटीचं काय? ओहोटीत ती उभी राहते म्हणून घेतली.

ब्रिटनमध्ये हा प्रकार खूप. वेस्टर्ली सेंटॉर ही २६ फुटी १९६९ ते १९८० पर्यंत बनली, दोन हजारांच्या वर, आणि अजूनही प्रत्येक खाडीत दिसते. दोन कील बाहेरच्या बाजूला तिरक्या असतात, त्यामुळे बोट चिखलात टेकते तेव्हा प्रत्येक कील बाहेर फाकायला बघते आणि तिच्या वरचा बोटीचा तळ थोडा वाकतो. रोज दोन ओहोट्या, म्हणजे वर्षाला सातशेच्या वर वेळा. म्हणून सेंटॉरच्या बऱ्याच मालकांनी आत बोल्टांवरून जाणाऱ्या आडव्या पसऱ्या वाढवून घेतल्यात. घेताना हेच विचारा : ते काम झालंय का, फोटो आहेत का. कडक वाळूवर लाट असताना टेकणारी जागा टाळा, मऊ चिखल बरा.

१४. माझी कील फायबरच्या आत बंद आहे. मग मला काहीच काळजी नाही ना?

पडायची नाही. पण तळाचं फायबर खडकाने फुटलं आणि पाणी आत गेलं, की लोखंडी वजन आत फुगतं. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, आणि बाहेरचं कवच फुटायला लागतं. कीलच्या अंगावर टकटक करत फिरा. भरीव आवाजाच्या मध्येच पोकळ ढब ढब आला तर तिथे वजन आणि कवच सुटलंय. तळाला एक भोक पाडून पाणी निथळू द्या, सुकवा, इपॉक्सी भरा. भोकातून तपकिरी पाणी आठवडाभर गळत राहिलं तरी घाबरू नका, थांबेल.

१५. मी मुंबईत/गोव्यात आहे, इथे यार्ड कमी. हे सगळं कसं जमवायचं?

तुमच्याकडे एक गोष्ट आमच्यापेक्षा चांगली आहे, ती म्हणजे पावसाळा. बहुतेक यॉट मे अखेरीला पाण्याबाहेर काढतात, म्हणजे दरवर्षी तपासणीची संधी आयतीच येते. बोट बाहेर येताना प्रश्न ५ ची पाच मिनिटं घ्या. पण फायबर सुकवायचं काम जून ते सप्टेंबर करू नका, हवेत इतका दमटपणा असतो की मीटर हलणार नाही, आणि इपॉक्सीवर मेणासारखा थर येतो. ते काम ऑक्टोबरनंतर, उन्हात. पॉलियुरेथेन सीलंट मात्र हवेतल्या ओलाव्यावरच सेट होतं, त्याला दमटपणा चालतो, पृष्ठभाग कोरडा हवा एवढंच.

क्रेन नसेल तर मुंबईच्या उधाणात चार मीटरच्या वर फरक पडतो, धक्क्याच्या भिंतीला बोट टेकवून ओहोटीत जोड बघता येतो. भिंतीकडे थोडी कलती ठेवा, डोलकाठीवरून दोर बांधा, आणि भांगाच्या (भरती-ओहोटीचा फरक कमी असतो त्या) दिवसांत चुकूनही करू नका, बोट अर्धवट टेकून राहते. हे फक्त बघायला. कील उतरवायला कोरडी जमीन आणि होइस्टच पाहिजे.

१६. जोडावर बाहेरून फायबरची पट्टी लावून बंद केलं तर?

पाणी काही काळ थांबेल. कील धरून ठेवायची ताकद त्यात नाही, आणि आत जे चाललंय ते दिसेनासं होईल. विकायच्या आधी असं केलेल्या बोटी मी पाहिल्यात. जुनी यॉट घेताना जोडाभोवती नवीकोरी पट्टी आणि ताजा रंग दिसला तर तिथेच थांबून विचारा, आणि सर्व्हेअरला निदान एक बोल्ट काढून बघायची परवानगी मालकाकडून लेखी घ्या. परवानगी देत नसेल तर दुसरी बोट बघा.

ऑफशोअर रेसला उतरणार असाल तर वर्ल्ड सेलिंगच्या (शिडाच्या बोटींच्या खेळाची जागतिक संघटना) नियमांत वरच्या श्रेणींसाठी कील आणि तिच्या जोडाची, बोट बाहेर काढून, शेवटच्या २४ महिन्यांत तपासणी झालेली असणं तसंही लागतं, आणि मध्ये कील जमिनीला लागली असेल तर नव्याने.

१७. समुद्रात असताना खालून खट्ट आवाज यायला लागला. आत्ता काय करू?

टॅक केला की किंवा लाटेवरून उतरताना बोट एका बाजूहून दुसऱ्या बाजूला जाते तेव्हा खट्ट, आणि हाताला, पायाला जाणवतो. अशा वेळी :

लगेच शिडं कमी करा, बोट कलू देऊ नका, इंजिन लावून जवळच्या आसऱ्याला निघा, घरच्या बंदराला नव्हे. सगळ्यांना लाइफजॅकेट घालून वर बोलवा, खाली कुणीही झोपायचं नाही, आजारी असलं तरी नाही. लाइफराफ्ट (जीव वाचवायचा फुगणारा तराफा) बाहेर काढा, त्याचा दोर बांधा, पण तो चटकन कापता येईल असा चाकू जवळ. इपर्ब (उपग्रहावरून संकटाचा संदेश देणारं यंत्र) कुणाच्या तरी अंगावर. रेडिओच्या चॅनल १६ वर पॅन-पॅन (तातडीचा इशारा) द्या, पाणी भराभर येत असेल तर सरळ मेडे (जीव धोक्यात असल्याची हाक). भारतीय किनाऱ्यावर मोबाइलला रेंज असेल तर तटरक्षक दलाचा १५५४.

एवढी घाई का, तर कील गेली की बोट उलटायला वेळ देत नाही. ऑगस्ट १९८५ मध्ये फास्टनेट रेसमध्ये ड्रम नावाची मोठी यॉट फालमथजवळ कील तुटून उलटली, काही जण आत अडकले, किनारा जवळ होता आणि हेलिकॉप्टर लगेच आलं म्हणून सगळे वाचले. चीकी रफीकीचा राफ्ट मात्र उलट्या बोटीवर जागच्या जागी, न उघडलेला सापडला.

आवाज फळीचा, टाकीचा किंवा सुकाणूचा निघाला तर फार तर लवकर बंदरात पोचाल.

१८. दुरुस्ती झाली. आता परत कधी बघायचं?

पहिल्या सीझनच्या शेवटी टॉर्क तपासा, नवं सीलंट थोडं बसतं त्यामुळे एखादा नट पाव वेढा घेतो, त्यात चिंता नाही. नंतर दरवर्षी बोट बाहेर येताना प्रश्न ५, आणि जमिनीला लागली की लगेच प्रश्न ८. दहा वर्षांनी एक बोल्ट काढून बघायचा, माझ्या वहीत ती तारीख आत्ताच लिहिलेली आहे.

मी प्रत्येक नटावरून प्लेटपर्यंत पिवळ्या ऑइलपेंटची एक सरळ रेघ मारून ठेवलीय. फळी उचलली, टॉर्च मारला, नऊच्या नऊ रेघा सरळ दिसल्या की झालं, एका मिनिटाचं काम. एखादी रेघ नटापाशी तुटून बाजूला सरकलेली दिसली तर तो नट फिरलाय, आणि त्या दिवशी मी दोर सोडत नाही.